येते

कपाटातल्या बिस्किटाच्या डब्यात
रेशनकार्डाखाली ठेवलं होतं ते कार्ड.
माझा फोटो, मागे पांढरी भिंत,
आणि ‘कायम रहिवासी’ असं दोन भाषांत;
त्यातली एकही बाबांना येत नाही.
तारीख मार्चातच उलटून गेलेली.
मार्चात मी धंतोलीच्या दवाखान्यात
बाबांची नळी बदलून घेत होते.

एका रात्री कूलरच्या घरघरीत बसून हिशेब केला.
पाच वर्षांत सातशे तीस दिवस
तिथे काढलेले असावे लागतात माणसानं.
माझे भरतात सहाशे चार.
पोचल्याचा दिवस धरला, निघाल्याचाही धरला,
शिक्के उजेडासमोर धरून पाहिले,
तरी एकशे सव्वीस कमी.
इकडच्या दिवसांना शिक्के नाहीत.
इकडे खस आहे. चार उन्हाळे, चारदा बदलली.
तिसऱ्या वर्षी खसवाला म्हणाला,
‘अजून इथंच राहून राहिल्या का ताई?’

फॉर्मवर एक चौकोन आहे:
परदेशात राहण्याचं कारण.
परदेश म्हणजे इतवारी स्टेशनामागची ही खोली,
हे कळायला मला मिनिटभर लागलं.

कारणाचे कागद पुष्कळ निघाले.
डिस्चार्जची तीन कार्डं, स्कॅनच्या फिल्मा,
व्यायाम शिकवायला येणाऱ्या हेडाऊ मॅडमच्या पावत्या,
एअरबेडचं भाडं.
तिकडच्या पुराव्यात विनिपेगहून मारिलूचं पत्र,
की हिची ट्रंक आणि बर्फाचे बूट
अजून माझ्या तळघरात आहेत.
बँकेत दोनशे बारा डॉलर.
वाचनालयाचं कार्ड. त्याला मुदत नाही.

झेरॉक्सवाला पोरगा म्हणाला,
‘बाप्पा, एवढे कागद! जमिनीची केस आहे का?’
मी म्हटलं, तसंच काहीसं.

रेशनकार्डाचीही प्रत काढावी म्हणून उघडलं,
तर माझ्या नावावर लाल शाईची रेघ,
शेजारी तिरक्या अक्षरात: परदेशी गेल्याने कमी केले.
मागच्या वर्षी पुरवठा कार्यालयात विचारलं होतं,
नाव परत चढतं का?
बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘कायमच्या आल्या का?’
सांगता येत नाही, म्हटलं.
‘मग राहू द्या.’

पुढचा चौकोन: परत येण्याचा इरादा होता काय?
असल्यास पुरावा जोडावा.

आता हे कसं जोडू, की बाबा पॉइंट्समन होते,
आयुष्यभर गाड्या सोडल्या त्यांनी,
आणि घरात मात्र कुणाला ‘जातो’ म्हणू दिलं नाही.
वाण्याकडे निघालं तरी ‘येतो’.
विमानतळावर, नऊ वर्षांपूर्वी, माझ्या तोंडून ‘जाते’ निघालं
तर रांगेतून परत बोलावलं मला,
नीट म्हणायला लावलं.
मारिलूच्या दारातही मी तेच म्हणाले होते, मराठीत,
हातात फोन, फोनवर काकाचा आवाज,
दादाला लकवा मारला, निघ.
तिला कळलं नाही. तिनं मान हलवली.

दोन्ही दारांत एकच शब्द बोलले
आणि दोन्हीकडे कमी पडले.

बाबांजवळ आता एकच अक्षर उरलं आहे.
पाणी हवं असलं तरी ‘ये’,
दुखलं तरी ‘ये’, दिवा मालव म्हणून ‘ये’.
मी शेजारी बसलेली असते तेव्हाही.

चौकोनात चार ओळी मावतात.
मी दोन लिहिल्या: वडील आजारी. दुसरं कोणी नाही.
इराद्याच्या चौकोनात ‘होय’ लिहिलं
आणि पेन थोडा वेळ तिथेच टेकवून ठेवलं,
शाईचा ठिपका पडला. पुसला नाही.

दुपारी अडीचला, शेहेचाळीस डिग्रीत,
पाकीट ओढणीत गुंडाळून निघाले सीताबर्डीला,
कुरियरवाल्याकडे.
दारातून सवयीनं म्हटलं, येते.
ते म्हणाले, ये.
पंचावन्न मिनिटांत परत आले.
पावती डब्यात टाकली, रेशनकार्डावर,
आणि कूलरमध्ये पाणी भरायला घेतलं;
टाकी अर्ध्यावर आली होती.